म्हैसासुराचं तोंड

"घरी न्या," डॉक्टर म्हणाले. "जे खायला मागतील ते द्या."

आमच्याकडे या दोन वाक्यांचा अर्थ लहान पोरालाही कळतो. तरी मी विचारलं, "वैशाखापर्यंत राहील का?"

"वैशाखात काय आहे?"

"बोहाडा."

डॉक्टर तरुण होते, शहरातले. त्यांनी तपासणीचा कागद पालथा ठेवला. "तेवढं धरून चालू नका," म्हणाले.

फाल्गुन चालू होता. शिमगा नुकताच होऊन गेला होता.

बायजा, माझी बायको, दाराबाहेर बाकावर बसली होती. पदराचा बोळा करून पोटाशी धरलेला.

"काय म्हनले?"

"औषध बदलायचं म्हणाले."

"कोनचं?"

"गोड आहे म्हणाले."

"बरं झालं. कडूनं जीव विटला होता," असं म्हणून ती हसली.

फाटकापाशी तिचा धाकटा भाऊ किसन जीप घेऊन उभा होता. तो गावापासून शहरापर्यंत सवाऱ्या नेतो आणि बोहाड्यात संबळ वाजवतो. बायजाला मागच्या सीटवर आडवी केल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं नाही. माझ्या तोंडावरून त्याला समजलं असावं.

"दाजी, आजच सांगू का नको असं झालंय," तो म्हणाला. "म्युझियमच्या मॅडमचा फोन आला होता. प्रदर्शन लोकांना लई आवडलंय म्हणे. दिवाळीपर्यंत वाढवलंय. आपलं तोंड आता दिवाळीनंतर."

मी जीपच्या टपाला धरून उभा राहिलो.

बोहाडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैशाखात आमच्या गावात देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. लाकडाचे मोठे मुखवटे असतात, त्यांना आम्ही तोंड म्हणतो. एकेक सोंग एकेका घराचं. आमच्या घराकडे म्हैसासुर. पांगाऱ्याच्या लाकडाचा, माझ्या आज्याने कोरलेला, खऱ्या रेड्याची शिंगं बसवलेला. तो सगळ्यांत शेवटी येतो आणि देवी त्याला मारते. एकदा तोंड बांधलं की सोंगाने बोलायचं नाही. देवीचा वार छातीवर बसेपर्यंत ते उतरवायचं नाही. वार बसला की सोंग पडतं, मग चार गडी येऊन तोंड सोडवतात. बांधलेल्या तोंडाला घरच्या बाईने हात लावायचा नाही.

दसऱ्याच्या सुमाराला त्याच्या हनुवटीला वाळवी लागली. तेव्हाच शहरातल्या वस्तुसंग्रहालयाची माणसं गावात आली होती. ते म्हणाले, आम्ही दुरुस्त करतो, काही महिने लोकांना दाखवतो, होळीच्या आत परत देतो. गावाने बैठक घेतली आणि दिलं. कुणाचं काही चुकलं नव्हतं.

पण पौषात बायजाच्या पोटात गाठ निघाली. मी एकटाच देवीच्या देवळात गेलो. यंदा तुझ्या हातून नीट मरतो, म्हणालो, शेवटपर्यंत तोंड उतरवणार नाही, माझ्या घरातलं माणूस ठेव. असं बोललेलं कुणाला सांगायचं नसतं. मी कुणालाच सांगितलं नाही.

आता वैशाख बायजाच्या हातात नव्हता आणि तोंड माझ्या हातात नव्हतं.

कुणी म्हणेल नवं कोरायचं. कोरता येतं. पण देवीने एकदा मारल्याशिवाय ते सोंग होत नाही, लाकूडच राहतं. लाकूड बांधून नवस फेडता येत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी किसन पडवीत बसून मोबाइलवर बघत होता. बायजा खाटेवर होती.

"सोमवारी बंद," तो वाचायला लागला. "बाकी दिवस दहा ते पाच. येत्या रविवारी चारला कार्यक्रम हाय. मुखवटे बोलतात."

"कोन बोलतंय?" बायजाने विचारलं.

"मुखवटे. कार्यक्रमाचं नाव हाय ते आक्का."

"आपला तर कदी बोलला न्हाई. तिथं जाऊन वाचा फुटली व्हय त्याला?"

किसन हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, "मॅडमला फोन लाव."

मॅडमचं नाव देवस्थळी. गावात आल्या होत्या तेव्हा आमच्याच पडवीत बसून त्यांनी चहा घेतला होता. फोनवर त्यांना आनंदच झाला. "काका, तुम्ही येताय? मग तुम्हाला स्टेजवरच बसवू. शाल-श्रीफळ देऊ. दोन शब्द बोला तुमच्या मुखवट्याबद्दल. त्या दिवशी तो काचेतून काढून टेबलावर ठेवणार आहोत."

काचेतून काढणार हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ते आलं.

किसनला घेऊन मी विहिरीकडे गेलो आणि सांगितलं. तिथे तोंड बांधायचं. बांधल्यावर ते माझ्या अंगावरून कुणाला काढता येणार नाही. तसंच चालत बाहेर यायचं, जीपमध्ये बसायचं, गावाच्या वेशीवर यायचं. वेशीवर देवी मारेल, मग तोंड उतरेल. दुसऱ्या दिवशी ते त्यांचं त्यांना परत नेऊन द्यायचं.

किसनने विहिरीत वाकून बघितलं. मग म्हणाला, "तीन तास घाटातून? तोंड बांधून?"

"हो."

"उलटी झाली तर?"

"गिळीन."

"आधी मॅडमला विचारायचं का?"

"तू सांग."

"विचारलं की लोक नाही म्हणतात," किसन म्हणाला. "न विचारता केलं की नुसते ओरडतात. ओरडणं बरं."

देवीचं सोंग सोमा गांगडच्या घराकडे. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो बैलाला पाणी दाखवत होता. मी सांगितलं तसा तो बादली ठेवून उभा राहिला.

"वैशाखाबिगर देवी उठवत नाहीत, देवराम."

"मला ठाऊक आहे."

"गाव मला वाळीत टाकील."

"टाकील."

"मग?"

मी खाली बसलो आणि त्याचे पाय धरले. तो माझ्याहून लहान होता. त्याने मला उठवलं, शिवी दिली. म्हणाला, "वेशीवर उभा राहीन. नाचणार नाही. एक वार करीन आणि घरी येईन. वार जोराचा बसला तर बोंबलायचं नाही."

बायजाला घरी ठेवायचं असं आम्ही ठरवलं होतं. रविवारी सकाळी ती लुगडं नेसून खाटेवर बसलेली. डोक्याला तेल लावलेलं.

"मी बी येनार म्युझियम बगायला. थितं हत्तीचा सापळा हाय म्हने. शिकल्याली बाया लोकं दर रविवारी जात्यात, मी एकदा तरी जाईन."

"एवढा प्रवास तुला झेपायचा नाही."

"डॉक्टर काय म्हनलेत? जे मागंल ते द्या म्हनलेत ना?"

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"दवाखान्यात दार उगडंच हुतं," ती म्हणाली. "चला. पेज डब्यात भरून घ्या."

किसनने जीपमध्ये गोधड्या अंथरल्या. म्युझियमला फोन करून चाकाची खुर्ची आहे का, उतार आहे का, बाईमाणसाला टेकायला खोली आहे का, सगळं विचारून घेतलं. फोन ठेवून म्हणाला, "आक्का, तुझ्यासाठी लिफ्टबी हाय. तिथं तुझा थाट बघ." घाटात तो प्रत्येक वळणाला गाडी इतकी हळू घेई की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देत. बायजा डोळे मिटून होती, पण मधेच बोले. सोमा आज शेतावर का नाही गेला. संबळ कशाला घेतलाय. किसनने सांगितलं कार्यक्रमात वाजवायला. ती "बरं" म्हणाली.

दारावरच्या पहारेकऱ्याने आमच्या पिशव्या तपासल्या. काडेपेटी काढून घेतली. संबळाकडे बघून विचारलं, "हे काय?"

"हे बोलतंय," किसन म्हणाला. "मुखवटे बोलत्यात, त्यांना साथ."

पहारेकऱ्याने सोडलं.

चार वाजायला अवकाश होता. मी खुर्ची ढकलत बायजाला सगळं दाखवलं. हत्तीचा सापळा तिने बराच वेळ बघितला. मग एका काचेत कणगी, इरलं, दगडी जातं मांडलेलं होतं. ती म्हणाली, "हे जातं आपल्या परसात पडलंय. त्याला कुत्रं बसतंय. ह्याला काच कशापायी?"

"परसातलं कोण बघतंय?" किसन म्हणाला.

"मी दळताना तूच यायचास की पीठ खायाला. तू बगायचास."

आमचं तोंड मधल्या दालनात होतं. खालून दिवा सोडलेला. हनुवटी नीट केली होती, कुठे जोडलंय तेही कळत नव्हतं. बायजा म्हणाली, "बारीक झालाय."

"काचेमुळे तसं दिसतं."

"न्हाई. खायाला घालत नसतील."

तेवढ्यात देवस्थळी मॅडम आल्या. हातात पांढरे हातमोजे. त्यांनी बायजाच्या खांद्यावर हात ठेवला, "मावशी, त्रास नाही ना झाला?" विचारलं. मग मला म्हणाल्या, "काका, एक सांगून ठेवते. टेबलावर ठेवला तरी मुखवट्याला हात लावू नका. वाळवीसाठी आत जालीम औषध भरलंय. मीसुद्धा हातमोजे घालते. तोंडाजवळ तर अजिबात न्यायचा नाही."

मी मान डोलावली. किसन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

खाली सभागृह भरलं होतं. बायजाची खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला लावली. एका बाईने माहिती सांगितली, पडद्यावर फोटो दाखवले. मला शाल दिली, नारळ दिला. मॅडम म्हणाल्या, "आता देवरामकाका दोन शब्द बोलतील."

मी उठलो. माईकपाशी गेलो नाही. टेबलाकडे गेलो. कमरेचं उपरणं सोडलं, डोक्याला चुंबळ बांधली आणि तोंड उचललं. किसनने खाली संबळावर पहिली थाप मारली.

"काका, काका, नको," मॅडम म्हणाल्या. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे.

मी गाठ मारली. आतला वास आज्याच्या वेळचा राहिला नव्हता. तेलाचा, घामाचा, गुलालाचा वास असायचा. आता नाकात काहीतरी तिखट शिरलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. भोकांतून मला थोडंच दिसत होतं. माणसांचे मोबाइल वर धरलेले. मी नाचलो. म्हैसासुराच्या चालीला पाय जमिनीवर आपटावे लागतात, तसे आपटले. स्टेज पोकळ होतं, फार मोठा आवाज झाला. नाचत पायऱ्या उतरलो, मधल्या वाटेने दाराकडे निघालो. किसन एका हाताने वाजवत मागे, आणि दुसऱ्या हाताने बायजाची खुर्ची ढकलत.

बाहेरच्या ओसरीत येईपर्यंत लोक हसत, टाळ्या देत आले. फाटकाशी पहारेकरी आडवा झाला तेव्हा टाळ्या थांबल्या.

"वस्तू बाहेर जाणार नाही," तो म्हणाला.

मॅडम धावत आल्या. "काका, प्लीज. मी रागावले नाहीये. आधी ते काढा. श्वास घेऊ नका त्यात."

मी बोलू शकत नव्हतो. मी पाय आपटत तिथेच फिरलो. घसा सुजल्यासारखा झाला होता.

"ते बोलायचे न्हाईत," बायजा म्हणाली. "सोंग बोलत नसतं."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना, मावशी."

"देवीनं मारल्याबिगर उतरवायचं नसतं."

"देवी कुठून आणू मी आता?" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. "मावशी, ते विष आहे हो."

"आमची देवी वेशीवर उभी हाय," किसन म्हणाला. "बाई, उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो. लिहून घ्या. माझी जीप ठेवून घ्या."

"जीप ठेवून मग न्याल कशातून?" पहारेकरी म्हणाला.

किसनने काढलेली किल्ली परत खिशात घातली.

"मुखवट्याचं राहू दे," मॅडम म्हणाल्या. "न्यायचं तर न्या, मी माझ्या जबाबदारीवर सोडते. पण खोक्यात घालून न्या. अंगावर नाही. तीन तासांत माणूस मरेल."

मॅडमनी खरं तर खूप दिलं होतं. पण खोक्यातून नेलं की सोंग संपलं, ते मी त्यांना कसं सांगणार. मी फाटकाकडे सरकलो. पायातलं बळ गेलं. गुडघ्यावर आलो. आत उलटी झाली. मी गिळायला बघितलं. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. संबळ थांबला होता.

"वाजव," बायजा म्हणाली.

"आक्का—"

"वाजव म्हनते ना."

किसनने वाजवलं. मग मला तिचे पाय दिसले. ती खुर्चीतून उठली होती. बऱ्याच दिवसांत ती आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. ती चार पावलं चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. हातात काही नव्हतं. मी मान हलवत मागे सरकलो. मला वाटलं तिला कळेल. बोलता येत नाही, पण तिला कळेल की हात लावू नकोस.

तिने दोन्ही हात माझ्या मानेमागे घातले आणि गाठ शोधली. गाठ मी ओली करून मारलेली, सुटत नव्हती. तिने दाताने सोडली. तोंड उतरवून तिने फरशीवर ठेवलं, उताणं. मग पदराने माझं नाक-तोंड पुसलं.

मॅडम पाणी घेऊन आल्या. कुणी डॉक्टर बोलावला. त्याने डोळे धुतले, इंजेक्शन दिलं. कुणी तक्रार केली नाही. मॅडमनी हातमोजे घालून तोंड उचललं, आणि नेण्याआधी बायजासमोर थोडं वाकवून धरलं, जसा देवाचा अंगारा धरतात तसं. बायजाने त्याला नमस्कार केला.

परतीला जीपमध्ये मी मागे तिच्याजवळ बसलो. घाट लागला तेव्हा मी म्हणालो, "तू हात लावायला नको होता."

"ठाव हाय."

"तुला काहीच ठाऊक नाही. मी पौषात—"

"देवळात तुमी बोलला ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "मी मागनं आल्ते. तुमी जेवला नव्हता म्हनून बोलवाय. दारात उबी हुते."

जीप वळणावर हळू झाली.

"मग का सोडवलंस?"

"तुमी मरत हुतात."

"मरायचंच होतं तिथे. देवीच्या हातून."

"देवीच्या हातून खोटं मरायचं असतं," बायजा म्हणाली. "तुमी खरं मराय लागला. मग माजं मानूस कोन ठेवनार?"

त्यानंतर ती झोपली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते इतकं हलकं होतं की खड्डा आला की मी हाताने धरत होतो.

वेशीपाशी आलो तेव्हा रात्र झाली होती, पण जीपच्या उजेडात दिसत होतं. सोमा उभा होता. देवीचं तोंड लाल फडक्यात बांधून डोक्यावर घेतलेलं, हातात लाकडी तलवार. पाय अनवाणी. किती वेळ उभा होता कोण जाणे. किसनने जीप थांबवली. सोमाने आत वाकून बघितलं. माझं उघडं तोंड बघितलं, झोपलेली बायजा बघितली.

"आणलं नाहीस?"

"नाही."

त्याने डोक्यावरचं फडकं सावरलं. मग म्हणाला, "मी आता देवीला वार झाल्याबिगर कशी खाली ठेवू, देवराम? उठवलीये."

सोमाने नंतर देवीला तसंच देवळात नेऊन ठेवलं. गावाला कळलंच. वाळीत कुणी टाकलं नाही, पण त्या वैशाखात बोहाडा झाला तेव्हा देवी शेवटी नुसती चौकात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मारायला कुणी नव्हतं.

बायजा त्याआधी, चैत्रात गेली. शेवटच्या आठवड्यात तिने जे मागितलं ते मी दिलं. एकदा हत्तीच्या सापळ्याबद्दल बोलली. त्याला सोंड का नव्हती, असं तिने विचारलं. सोंडेत हाड नसतं, असं किसनने सांगितलं. तिला ते पटलं नाही.

दिवाळीनंतर देवस्थळी मॅडम स्वतः तोंड घेऊन आल्या. औषध काढून, उन्हात ठेवून, स्वच्छ करून आणलं होतं. बायजा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. पडवीत बसल्या, चहा घेतला नाही. जाताना म्हणाल्या, "काका, मी त्या दिवशी फाटक उघडायला हवं होतं का?" मी म्हणालो, नाही. उघडलं असतं तर घाटात मेलो असतो. तेच खरं आहे.

याला आता बरीच वर्षं झाली. दर वैशाखात गावाची माणसं येतात, यंदा बांधणार का म्हणून विचारतात. माझा पुतण्या तयार आहे, उंचापुरा आहे, त्याला चाल येते. मी त्याला दिलं नाही. ते शेवटचं बायजाने सोडवलंय; वार घेतला की तेवढंही मिटेल. सोमा म्हातारा झालाय. तो मागच्या वर्षी काठी टेकत आला आणि म्हणाला, "एकदा वार घे आणि मोकळा हो. मला पण मोकळं कर."

मी पुढच्या वर्षी बघू म्हणालो.

तोंड माळ्यावर आहे. मी ते अजून बांधलेलं नाही, आणि देवीचा वार बाकी आहे.